जुन्या गाडीत चार्जिंगचे सॉकेट : बाजारकऱ्यांनी आधी फ्यूज पाहावा

आमची कापडाची गादी चंद्रपुरात असली तरी निम्मा धंदा चाकांवर चालतो. बल्लारपूर, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, आलापल्ली आणि तिथून कधी एटापल्ली तर कधी भामरागड, हा आमचा ठरलेला फेरा. दुसऱ्या बाजूला मूल, सावली, गडचिरोली, आरमोरी. आठवडी बाजारात पाल ठोकायचे, लुगडी, धोतरे, टॉवेल, गणवेशाचे कापड मांडायचे आणि दिवस मावळला की गाठोडी बांधून परत फिरायचे. आमच्या वाचकांपैकी कितीतरी बंधू असाच धंदा करतात. कोणी भांडी नेतो, कोणी बांगड्या, कोणी चपला, तर कोणी नुसती हत्यारांची पेटी घेऊन कुलपे आणि छत्र्या दुरुस्त करतो.

आमची गाडी २००४ सालची सुमो आहे. ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पण आमच्या भागातल्या रस्त्यांवर ती अजून पुष्कळ दिसते. अशा गाड्या बनल्या तेव्हा गाडीतल्या विजेचे काम ठरलेले होते: दिवे, हॉर्न, वायपर आणि फार झाले तर कॅसेटचा टेप. सिगारेट पेटवण्यासाठी एक छिद्र असायचे, तेही सर्व गाड्यांत नाही. आज त्याच गाडीवर आम्ही दोन मोबाईल, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा, बिल छापणारे छोटे यंत्र, समोरच्या काचेवरचा कॅमेरा, दोन एलईडी दिवे आणि उन्हाळ्यात एक पंखा चालवतो. वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर हा सगळा नवा संसार आहे.

यातले किती खरोखर गरजेचे, असे कोणी विचारील. चैनीचे त्यात काही नाही, असे आमचे उत्तर आहे. २०१६ सालच्या नोटाबंदीनंतर मोबाईलवरून पैसे देण्याची सवय शहरात लागली आणि मागोमाग ती खेड्यातही आली. एटापल्लीच्या बाजारात कॉलेजात जाणारी माडिया पोरे खिशात नोट न ठेवता येतात. टॉवर असला आणि आमचा मोबाईल जिवंत असला तर विक्री, नाहीतर "शेठ, पुढच्या बाजारी घेऊ" असे म्हणून गिऱ्हाईक शेजारच्या पालाकडे जाते. संध्याकाळी चार वाजता दोन्ही मोबाईल मेलेले आणि हातात सहा मीटर कापड फाडून ठेवलेले, हा अनुभव आम्ही घेतला आहे. म्हणून गाडीत सॉकेट हवे हे आम्हाला पटले. ते कसे बसवावे हे मात्र फार उशिरा कळले, आणि त्याची फी मोठी भरावी लागली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. नागपूरच्या गांधीबागेतून उधारीवर माल आणला होता आणि गाडी छतापर्यंत भरली होती. त्याच्या आठच दिवस आधी रस्त्याकडेच्या एका कारागिराकडून आम्ही मागच्या बाजूला दोन सॉकेट बसवून घेतले होते. काम अर्ध्या तासात झाले. त्याने बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावरून एक लाल वायर घेतली, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याला असलेल्या भोकातून आत ओढली आणि पायपुसण्याखालून मागे नेऊन सॉकेटला जोडली. त्या भोकाला रबराचे बूच नव्हते. वायरवर फ्यूज नव्हता.

आष्टी सोडून आलापल्लीकडे निघालो. या रस्त्याने सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक जातात, त्यामुळे गाडी सरळ कमी आणि वरखाली जास्त चालत होती. गाडी भाचा चालवत होता. अचानक वास आला. कापडवाल्याला जळण्याचा वास ओळखता येतो, तो आमच्या धंद्याचा भाग आहे. सूत जळले की कागद जळल्यासारखा वास येतो, लोकर केसांसारखी, पॉलिस्टर गोडसर. हा वास यातला कोणताच नव्हता. आम्ही मागे पाहीपर्यंत भाचा ओरडला, "मामू, धूर!"

त्याने गाडी बाजूला घेतली आणि चाबी काढली. धूर थांबला नाही. चाबी काढल्यावर गाडीतली वीज बंद होते अशी आमची वर्षानुवर्षांची समजूत होती आणि ती समजूत त्या अर्ध्या मिनिटात जळून गेली. वायर थेट बॅटरीवरून आली होती. तिला चाबीशी काही देणेघेणे नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले होते, आतले तांबे बॉडीला टेकले होते आणि बॅटरी आपली सारी ताकद त्या एका वायरीत ओतत होती. भाच्याने बोनेट उघडले, दहा नंबरचा पाना शोधला आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक सैल करून उपटले, तेव्हा कुठे धूर बसला. पाना हाताशी नसता तर पुढचे आम्हाला लिहवत नाही. वायर पुढून मागपर्यंत कोळसा झाली होती, पायपुसणे वितळले होते आणि गणवेशाच्या कापडाची दोन गाठोडी करपली होती. त्यांच्यावर बसलेली बाकीची गाठोडी धुरकटून गेली. तो माल आम्ही घरगुती पोतेऱ्यांच्या भावाने काढला आणि उधारी मात्र पूर्ण फेडली.

त्या कारागिराशी आम्ही भांडलो नाही, आणि याचे कारण सांगितलेच पाहिजे. काम करताना त्याने विचारले होते, "फ्यूज टाकू का?" आणि आम्हीच म्हटले होते, "कशाला? मोबाईलच तर लावायचा आहे."

आमची चूक तिथेच होती. बहुतेक मालक ती करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. फ्यूज मोबाईलसाठी नसतो, वायरसाठी असतो. मोबाईल अर्धा-एक अँपिअर घेईल हे खरे, पण वायर कुठे कापली गेली तर मोबाईलचा संबंधच संपतो. मग बॅटरी आणि बॉडी समोरासमोर येतात. सेल्फ मारण्यासाठी जी बॅटरी एका क्षणी शे-दोनशे अँपिअर देते, ती अशा वेळी बारीक वायरीतूनही तेवढाच जोर लावते. वायर लाल होते, आवरण पेटते आणि वायर ज्या वाटेने गेली त्या वाटेवरचे सगळे पेटते. आमच्या गाडीत त्या वाटेवर कापूस होता. म्हणून फ्यूजची जागा सॉकेटजवळ नसते, ती बॅटरीजवळ असते, एका वितीच्या आत. फ्यूज मागे सॉकेटपाशी लावला तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच राहिली. हे इतके साधे आहे की एकदा कळल्यावर आपण आधी कसे जगलो याचे नवल वाटते.

त्यानंतर आम्ही गाडी चंद्रपुरातल्या एका वयस्क वायरिंग मिस्त्रीकडे नेली. त्यांनी जुन्या अँबेसॅडर आणि पद्मिनी गाड्यांवर हात बसवला आहे. त्यांनी आमची जळालेली वायर हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारले, "सेठ, तुम्ही कापड घेताना काउंट पाहता ना? मग वायर घेताना का नाही पाहिला?"

त्या प्रश्नाने आमचे अर्धे शिक्षण झाले. सुताचा काउंट जसजसा वाढतो तसतसे सूत बारीक होते. चाळीसपेक्षा साठ काउंटचे सूत तलम. वायरचा जुना गेजही असाच उलटा चालतो, आकडा मोठा तर तार बारीक. पण आज दुकानात वायर चौरस मिलिमीटरवर मिळते आणि तिथे हिशेब सरळ असतो, आकडा मोठा तर तार जाड. आमच्यासारखा माणूस यात सहज फसतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे विज्ञानाच्या किताबात करंटला बर्की रौ आणि वायरच्या अडथळ्याला मुजाहमत म्हणत. मुजाहमत लांबीने वाढते आणि जाडीने घटते, हे वाक्य आम्ही पाठ केले होते आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण त्याचा आपल्या गाडीशी संबंध असेल हे पन्नाशी उलटेपर्यंत ध्यानात आले नाही!

हिशेब असा आहे. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चार मीटर मागे नेली आणि तिच्यातून १० अँपिअर ओढले, तर वाटेतच सुमारे एक व्होल्ट गळतो. त्या गळतीची उष्णता होते आणि ती वायरीतच राहते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती साधारण एक तृतीयांशावर येते. मिस्त्रींनी आम्हाला मागच्या सॉकेटसाठी अडीचचीच वायर घ्यायला लावली आणि तिच्यावर १५ अँपिअरचा फ्यूज टाकला. पात्याच्या फ्यूजमध्ये १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा, हे रंग लक्षात ठेवले की अंधारातही टॉर्चच्या उजेडात चूक होत नाही. १५ चा वारंवार उडतो म्हणून ३० चा टाकणे म्हणजे तराजूत माल जास्त भरतो म्हणून काटाच वाकवणे. फ्यूज उडत असेल तर एकतर भार जास्त आहे किंवा वायर कुठेतरी घासली आहे. दोन्हीचा शोध घ्यावा लागतो. आणि फ्यूज संपले म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या गाडीत आम्ही आमचा माल ठेवणार नाही.

वायर घेताना आणखी एक पाहावे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळते. ती दिसायला तांबडी, वजनाला हलकी आणि भावाला स्वस्त असते. एका केसाएवढ्या तारेवर ब्लेड ओढून पाहावे. आत पांढरे दिसले तर ती परत करावी. तिची मुजाहमत जास्त आणि गाडीच्या धक्क्यांनी ती लवकर तुटते. शिवाय घराच्या वायरिंगची वायर गाडीत वापरू नये. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. सावलीतला पारा ४६-४७ अंशांना जातो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करावा. गाडीची वायर म्हणून जी विकतात तिचे आवरण जास्त उष्णता आणि तेलाचे शिंतोडे सोसणारे असते.

आता चाबीचा प्रश्न. फ्यूजने आग टळते, पण दुसरे एक दुखणे राहते. सॉकेट बॅटरीवर सतत चालू असेल तर गाडी उभी असतानाही यंत्रे वीज पीत राहतात. भामरागडला एका पावसाळ्यात आमची अशीच फजिती झाली. दिवसभर गाडीच्या बॅटरीवर दिवे, पंखा आणि चार्जर चालवले. आमची बॅटरी ६० अँपिअर-तासाची आहे. सगळे मिळून सहा अँपिअर धरले तर पाच तासांत ३० अँपिअर-तास गेले, म्हणजे निम्मी बॅटरी रिकामी. कागदावर निम्मी शिल्लक दिसते, पण डिझेलचे इंजिन फिरवायला सेल्फला जो जोर लागतो तो जुन्या, निम्म्या रिकाम्या बॅटरीत उरत नाही. सेल्फने फक्त टक टक केले. वर आभाळ भरलेले, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागड कसे तुटते हे त्या भागात फिरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने पाहिले आहे. बाजारातल्या सात-आठ माणसांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. त्यात बांगड्यावाल्या बाई होत्या, आमच्याशी रोज भावावरून भांडणारे शेजारचे कापडवालेही होते.

यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. चाबीच्या वायरीतून पाव अँपिअरपेक्षाही कमी वीज त्याला मिळाली की तो आतून बंद होतो आणि बॅटरीची जाड वायर सॉकेटला जोडून देतो. चाबी काढली की खटका सुटतो आणि सॉकेट मेले. जुन्या गाडीत याचा मोठा फायदा असा की वीस-पंचवीस वर्षे झिजलेल्या चाबीच्या खटक्यावर नवा भार पडत नाही. तो फक्त इशारा देतो, ओझे रिले वाहते. पुष्कळ मिस्त्री चाबीच्या वायरीलाच सोलून सॉकेट जोडतात. एका मोबाईलपुरते ते चालते, पण पुढे पंखा आणि दिवे आले की चाबीचा खटकाच गरम होऊन जातो, आणि मग गाडी कुठे बंद पडेल याचा नेम नाही. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून सॉकेटला, ८५ आणि ८६ पैकी एकावर चाबीची वायर आणि दुसरी बॉडीला. हे चार आकडे कोणत्याही मिस्त्रीला पाठ असतात. नसतील तर दुसरा मिस्त्री पाहावा.

चाबीत इंजिनाच्या अलीकडे टेपसाठी एक वेगळा टप्पा असेल तर रिलेचा इशारा तिथून घ्यावा. बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना हा टप्पा क्षणभर तुटतो, त्यामुळे त्या वेळी व्होल्टेजची जी उसळी आणि घसरण होते ती मोबाईल-प्रिंटरपर्यंत पोहोचत नाही. पण काही जुन्या गाड्यांच्या चाबीत असा टप्पाच नसतो. अँबेसॅडर किंवा पद्मिनीच्या पेट्रोल गाडीत पॉइंटचे इग्निशन असेल तर इंजिन बंद ठेवून चाबी चालू सोडणे म्हणजे कॉइल तापवत ठेवणे. अशा गाडीत केवळ मोबाईल लावायचा म्हणून चाबी चालू करून बाजारात बसू नये.

मग उभ्या गाडीत दिवे कसे लावायचे? आमच्या मिस्त्रींनी दोन वाटा केल्या. पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन सॉकेट रिलेवर, म्हणजे चाबीच्या ताब्यात. चौथा सॉकेट वेगळ्या फ्यूजवर, त्याला स्वतःचे बटण, बटणात छोटा लाल दिवा आणि शेजारी व्होल्ट दाखवणारा आकडा. इंजिन चालू असता तो आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या मध्ये दिसला पाहिजे. नसला तर डायनामो, म्हणजे ज्याला कंपनीवाले अल्टरनेटर म्हणतात तो, तपासावा. गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. १२.२ म्हणजे निम्मी. आम्ही १२.३ ला सगळे बंद करतो, समोर कितीही गिऱ्हाईक असले तरी. ठरावीक व्होल्टेजला आपोआप तोडणारे छोटे यंत्रही मिळते. विसराळू माणसाने ते लावून घ्यावे. भाच्याच्या मते आम्ही त्यातलेच आहोत.

रोज संध्याकाळभर दिवे लागत असतील तर मात्र सेल्फच्या बॅटरीचा नाद सोडावा. ही बॅटरी क्षणभर मोठा जोर देण्यासाठी बनलेली असते. तिला वारंवार निम्म्यावर आणले तर ती फार लवकर मरते, आणि आपल्याकडच्या उष्णतेत तर आणखी लवकर. त्यापेक्षा दिव्यांसाठी वेगळी लहान बॅटरी ठेवावी आणि घरी भरून आणावी. ती गाडीतच चार्ज करायची असेल तर मधल्या जाड वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण आता वीज दोन्हीकडून येते. आणि पाण्याची बॅटरी कापडाशेजारी ठेवण्याचा विचारही करू नये. तिच्यातल्या गंधकाम्लाचा एक थेंब सुती कापडावर पडला तर त्या दिवशी काही दिसत नाही. पहिल्या धुण्यात तिथे भोक पडते. गिऱ्हाईक ते लुगडे घेऊन परत येते तेव्हा चूक कोणाची हे समजावणे कठीण असते. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायूही निघतो.

आमच्या शिंपी बंधूंपैकी दोघांनी आम्हाला विचारले की बाजारात गाडीवर शिलाई मशीनची मोटर चालेल का. चालेल, पण त्यासाठी १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर लागतो. १०० वॅटची मोटर म्हटली तरी इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीवर दहा अँपिअरच्या आसपास ओढ पडते. लायटरच्या छिद्राचे सॉकेट एवढ्या भारावर तासन्‌तास चालवण्याजोगे नसते; त्याची स्प्रिंग तापते आणि प्लास्टिक मऊ होते. इन्व्हर्टर हवाच असेल तर त्याची जाड वायर वेगळी, फ्यूज वेगळा आणि इंजिन चालू. डिझेल जाळून पिको-फॉल करण्यात किती नफा राहतो याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पायाच्या मशीनला आम्ही अजून तरी पर्याय पाहिलेला नाही.

डायनामोचीही एक मर्यादा असते. जुन्या गाड्यांचा डायनामो साधारण ३५ ते ६० अँपिअरचा, तोही इंजिन वेगात असताना. मंद गतीवर तो बराच कमी देतो. पावसाळी रात्री पुढचे दोन दिवे दहा अँपिअर घेतात, ब्लोअर आणि वायपर मिळून जवळजवळ तेवढेच, वर मागचे दिवे आणि हॉर्न. उरलेल्यात आपल्या सॉकेटचे भागवायचे असते. म्हणून रात्री परतताना आम्ही पंखा आणि प्रिंटर बंद ठेवतो.

ज्यांची गाडी ट्रक किंवा बस आहे त्यांनी सॉकेट घेण्याआधी बॅटऱ्या मोजाव्यात. अनेक मोठ्या गाड्या २४ व्होल्टवर चालतात आणि फक्त १२ व्होल्टसाठी बनलेला चार्जर तिथे लागलीच जळतो. चार्जरवर १२-२४ असे छापलेले असेल तरच तो लावावा.

बसवण्याच्या कारागिरीबद्दल थोडे, कारण हे पान वाचणाऱ्यांत गाडीच्या विजेचे काम करणारेही पुष्कळ आहेत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचे बूच आणि वायरवर नळी असलीच पाहिजे. वायर सोलून पीळ देऊन टेपपट्टी गुंडाळली तर उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि पावसाळ्यात आत पाणी जाते. त्याऐवजी थिंबल दाबून बसवावे आणि वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. बॉडीला अर्थ देताना रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर स्क्रू आवळावा. जुन्या गाडीत निम्म्या तक्रारी गंजलेल्या अर्थच्या असतात. जंगलाकडे मुक्काम होत असेल तर उंदीर वायर कुरतडतात, म्हणून धान्याच्या पोत्यांबरोबर वायर उघडी ठेवू नये. आणि काम झाल्यावर मालकाला एका कागदावर आकृती काढून द्यावी: कुठला फ्यूज कुठे, किती अँपिअरचा, रिले कुठे. आमच्या मिस्त्रींनी दिलेला तो कागद आम्ही गाडीच्या पुस्तकात ठेवला आहे. एकदा आलापल्लीला दुसऱ्याच मिस्त्रीने तो पाहून दहा मिनिटांत दोष काढला आणि कागद कोणाचा म्हणून विचारले. जो कारागीर असा कागद देतो त्याच्याकडे आम्ही दुसरे गिऱ्हाईक पाठवतो; आतापर्यंत चौघांना पाठवले आहे. त्याची मजुरी इतरांपेक्षा जास्त आहे आणि ती घासाघीस न करता द्यावी असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः घासाघिशीवर जगणारे लोक आहोत, तरीही.

विम्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीला मागाहून बसवलेले विजेचे सामान पॉलिसीत आपोआप धरले जात नाही. त्याची किंमत सांगून वेगळी नोंद करता येते आणि थोडा जादा हप्ता पडतो. आणि गाडीच्या विम्यात गाडीतला माल येत नाही. आमची गाठोडी करपली तेव्हा हे आम्हाला एजंटने सांगितले. वाहतुकीतल्या मालाचा विमा वेगळा काढावा लागतो आणि बाजार करणाऱ्या फार थोड्यांकडे तो असतो. उधारीवर माल भरणाऱ्याने निदान दिवाळी आणि लग्नसराईपुरती त्याची चौकशी करावी.

गेल्या महिन्यात एटापल्लीहून परतताना मागचा सॉकेट अचानक बंद पडला. पूर्वी आम्ही घाबरलो असतो. भाच्याने गाडी थांबवली, बोनेट उघडले आणि बॅटरीजवळचा निळा फ्यूज काढून दाखवला. आतली तार तुटली होती. मागे जाऊन पाहिले तर दिव्याची वायर सीटच्या बिजागरीत चेपून कापली गेली होती. वायर बाजूला केली, डबीतला दुसरा निळा फ्यूज लावला आणि पाच मिनिटांत निघालो. डबीत आता दोनच निळे उरले आहेत, ते या आठवड्यात आणायचे आहेत.